हैदराबादच्या एका बाजाराची हकीकत



भिंती उभ्या केल्या, वर छप्पर घातले आणि आत ओटे बांधले की बाजार तयार झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. ज्यांच्या घरून पहाटेच्या गाडीने भाजीच्या आणि फुलांच्या पाट्या शहराकडे जातात, त्या वाचकांना याविषयी आम्ही निराळे सांगावयास नको. बाजार माणसांनी भरतो आणि माणसे उठून गेली म्हणजे मोडतो. तथापि इमारतीचेही आपले काही महत्त्व असते. ही इमारत आणि ती माणसे यांचा मेळ कसा जमतो व कसा विसकटतो, हे पाहावयाचे असेल तर हैदराबादचे मोअज्जमजाही मार्केट हे एक उत्तम उदाहरण आहे. या आठवड्यात त्या बाजाराची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हैदराबाद हे आपणा मराठी माणसांना अगदीच परके शहर नव्हे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. (यांपैकी औरंगाबाद व उस्मानाबाद हे आज छत्रपती संभाजीनगर व धाराशिव या नावांनी ओळखले जातात.) कोर्टाचे काम निघाले की हैदराबाद, मुलास कॉलेजात घालावयाचे झाले की हैदराबाद, आणि लग्नाचा मोठा बस्ता बांधावयाचा म्हटले तरी ऐपतदार घरची मंडळी हैदराबादच गाठीत. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड असे टप्पे घेत मीटरगेजची गाडी जाई, आणि काचीगुडा स्टेशनात उतरले की मराठी बोलणारे कोणी ना कोणी भेटे. 1907 साली निघालेली विवेक वर्धिनी ही शाळा आणि 1922 साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय, या दोन्ही संस्था याच मराठी वस्तीने उभारल्या.

शहराची मूळ वस्ती मुसी नदीच्या दक्षिण तीरावर. चारमिनार 1591 साली उभा राहिला आणि त्याच्याभोवती तटबंदीच्या आत बाजारपेठा वाढल्या. नदीच्या उत्तरेस कित्येक वर्षे बागा, मोकळी माळराने आणि तुरळक वस्ती एवढेच होते. त्या बाजूस पहिली मोठी इमारत म्हणावी ती इंग्रज रेसिडेंटची कोठी. कर्नल जेम्स कर्कपॅट्रिक या रेसिडेंटने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती बांधली. आजही त्या भागास कोठी असेच म्हणतात, आणि त्या वाड्यात पुढे मुलींचे कॉलेज भरू लागले. रेसिडेन्सीच्या आसऱ्याने भोवती एक बाजार वसला. त्याची गंमत अशी की तो निजामाच्या राजधानीला अगदी लागून असला तरी तेथे अंमल इंग्रजांचा चाले. निजामाच्या अधिकाऱ्यांचा जाच नको म्हणून सावकार आणि पेढीवाले तेथे राहण्यास गेले. व्यापारी मनुष्य सावली पाहून बसतो, ती सावली झाडाची असो की कायद्याची! 1933 साली हा रेसिडेन्सी बाजार निजामाच्या ताब्यात परत आला आणि त्याचे नाव सुलतान बाजार झाले. आज साड्या व दागिने घेण्यास हैदराबादच्या बायका जेथे गर्दी करतात, तोच हा बाजार.

त्याच्यापासून थोड्या अंतरावर आबिड्स म्हणून प्रसिद्ध पेठ आहे. या नावाची हकीकत वाचकांस रंजक वाटेल. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खास सेवेत आल्बर्ट आबिद नावाचा एक अर्मेनियन ज्यू गृहस्थ होता. महाराजांच्या पोशाखाची व्यवस्था त्याजकडे असे. एकदा अंगावर घातलेला कपडा महाराज पुन्हा घालीत नसत, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी धरली तर पोशाखाची व्यवस्था पाहणाऱ्या मनुष्यास दुकान काढण्याची बुद्धी व्हावी यात नवल ते काय? आबिदचे दुकान निघाले, विलायती माल तेथे मिळू लागला, आणि मालक व दुकान दोन्ही काळाच्या उदरात गडप झाल्यावरही चौकास त्याचे नाव राहिले. असो.

नदीच्या उत्तरेकडील ही वस्ती चादरघाट या उपनगरात मोडे, आणि तिची नगरपालिकाही वेगळी होती. मूळ शहर ते वेगळे आणि हे उपनगर वेगळे, असा व्यवहार कित्येक वर्षे चालला. परंतु 28 सप्टेंबर 1908 या दिवशी मुसीला जो पूर आला त्याने सर्वच हिशेब बदलून टाकले. नदीकाठची घरेच्या घरे वाहून गेली, पूल मोडले. पंधरा हजार माणसे दगावली असावीत असा अंदाज सामान्यतः सांगितला जातो. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. तिच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे माणसांनी त्या दिवशी प्राण वाचविले, असे हैदराबादेत लहान मुलासही ठाऊक असते.

पुरानंतर एम. विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेप्रमाणे पुढे उस्मानसागर (1920) व हिमायतसागर (1927) हे दोन जलाशय झाले. पूर अडला आणि शहरास पिण्याचे पाणीही मिळाले. याच चिंतेतून 1912 साली शहर सुधारणा मंडळ निघाले. उर्दूत त्यास ‘आराइश-ए-बल्दा’ म्हणजे नगराची सजावट असे मोठे डौलदार नाव होते. काम मात्र नुसत्या सजावटीचे नव्हते. दाट व रोगट वस्त्या मोकळ्या करावयाच्या, रस्ते रुंद करावयाचे, उठविलेल्या लोकांसाठी घरे बांधावयाची, आणि बाजारास नीट जागा द्यावयाची. चारमिनारजवळ पत्थरगट्टीची जी दगडी कमानींची दुकानांची ओळ दिसते, ती याच मंडळाची. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे धाकटे पुत्र मोअज्जम जाह या मंडळाचे प्रमुख होते. या राजपुत्राची ओळख पुष्कळांना दुसऱ्याच कारणाने असते. 1931 साली फ्रान्समधील नीस शहरी त्यांचा विवाह तुर्कस्तानच्या उस्मानी राजघराण्यातील नीलोफर यांच्याशी झाला. हैदराबादचे नीलोफर रुग्णालय हे त्याच राजकन्येच्या नावाचे. मोअज्जम जाह स्वतः उर्दूत कविता करीत.

1933 साली चादरघाटची नगरपालिका हैदराबादच्या नगरपालिकेत विलीन झाली. सुलतान बाजार त्याच वर्षी परत आला होता. नदीच्या दोन्ही तीरांची वस्ती आता एका कारभाराखाली आली. उत्तरेकडे नामपल्लीचे रेल्वे स्टेशन 1907 पासूनच होते. येणाऱ्या उतारूंना, नव्याने वसणाऱ्या कारकुनांच्या, वकिलांच्या व डॉक्टरांच्या घरांना रोजचा भाजीपाला, फळे आणि मटण जवळ मिळावे, त्यासाठी मुसीचा पूल ओलांडून जुन्या शहरात जावे लागू नये, ही त्या काळची गरज होती. उपनगरास स्वतःचा बाजार हवा होता. तो 1935 साली तयार झाला आणि त्यास राजपुत्राचे नाव मिळाले.

जागेची निवड मोठी मार्मिक होती. आबिड्सकडून, नामपल्ली स्टेशनाकडून, जांबागकडून, बेगम बाजार व अफजलगंजकडून येणारे रस्ते जेथे मिळतात त्या चौकात हा बाजार आहे. रस्त्यांच्या बेचक्यात जमिनीचा तुकडा पंख्यासारखा सापडला. पंख्याच्या टोकाशी, चौकाकडे तोंड करून, घड्याळाचा उंच मनोरा आणि त्याच्या दोन्ही अंगांनी मागे पसरत गेलेल्या दुकानांच्या दगडी ओळी, मध्ये मोकळे अंगण. दगड ग्रॅनाइटचा. हैदराबादच्या आसपास या दगडाचे एकावर एक रचल्यासारखे प्रचंड गोटे जागोजाग दिसतात. तेव्हा तो दुरून आणावा लागला नाही. कमानी आणि घुमट दक्खनच्या जुन्या इमारतींची आठवण करून देतात, पण आतील मांडणी नव्या काळची आहे. गाळे शंभराच्या घरात असून काहींचे तोंड रस्त्याकडे तर काहींचे अंगणाकडे आहे.

मुंबईच्या वाचकांना यावरून क्रॉफर्ड मार्केट आठवेल. ते 1869 सालचे. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाचे, आणि आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाचे. पुण्याची मंडई 1880 च्या दशकातील. तीही प्रथम गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाची होती व पुढे महात्मा फुल्यांच्या नावाची झाली. हैदराबादच्या बाजाराचे नाव मात्र बदलले नाही. सत्ता गेली, राज्य गेले, पण राजपुत्राचे नाव राहिले. बोलताना लोक त्याचे ‘एम. जे. मार्केट’ करून टाकतात, इतकेच.

या बाजारात काय मिळे? प्रामुख्याने फळे. बेनिशान आंबा, हिमायत आंबा, सीताफळे, द्राक्षे. त्यांच्या जोडीला मटण, विड्याची पाने, मसाले, अत्तरे, हुक्क्याची तंबाखू, भाजलेली कॉफी, आणि बंदुका व काडतुसे विकणारी दुकानेसुद्धा. फळाच्या करंडीशेजारी बंदुकीचे दुकान पाहून आमच्यासारख्या मनुष्यास थोडे चमकल्यासारखे होते. परंतु जहागीरदारांचे शहर ते. शिकारीचा शौक घरोघरी होता.

व्यवहार हाली शिक्क्यात होई. हा निजामाचा स्वतःचा रुपया; इंग्रजी रुपयाला ‘कलदार’ म्हणत, आणि सुमारे सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव होता. मराठवाड्यातील वृद्ध माणसांच्या बोलण्यात हे दोन शब्द अजूनही क्वचित ऐकू येतात. मुंबईहून माल आणणाऱ्या दुकानदारास दोन्ही नाण्यांचे गणित तोंडपाठ ठेवावे लागे. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले, पुढे भारतीय रुपया आला, आणि 1959 पर्यंत हाली शिक्का व्यवहारातून पार गेला. एप्रिल 1957 मध्ये नवे पैसे सुरू झाले. पाठोपाठ शेर आणि मण जाऊन किलो आला. एका पिढीतील फळवाल्याने राज्य, नाणे आणि वजन अशा तिन्ही गोष्टी बदललेल्या पाहिल्या, आणि तरीही त्याची तागडी रोज सकाळी त्याच कमानीखाली टांगली गेली. इतिहासाच्या पुस्तकांत या मनुष्याची नोंद होत नाही. ती व्हावी असे आम्हास वाटते.

फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसे देशभर पांगली. त्यांपैकी खानचंद रामनानी या गृहस्थांनी 1953 साली याच बाजाराच्या चौकात एक बेकरी काढली आणि सोडून आलेल्या शहराची आठवण म्हणून तिचे नाव कराची बेकरी ठेवले. फळांचे तुकडे घातलेली तिची बिस्किटे आज हैदराबादहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत असतात. बाजाराच्या अंगणात त्याच सुमारास आइस्क्रीमची दुकानेही नावारूपास आली. लाकडी बादलीत बर्फ व मीठ घालून हाताने फिरविलेले आइस्क्रीम. उन्हाळ्यात आंब्याचे आणि हिवाळ्याच्या तोंडावर सीताफळाचे. बाजारात फळ होते म्हणून आइस्क्रीम सुरू झाले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. एका धंद्याच्या आधाराने दुसरा धंदा असा उभा राहतो.

आता या हकीकतीचा अवघड भाग. शहर वाढले. सोयीचा म्हणून निवडलेला चौक गाड्यांनी तुंबू लागला. बैलगाडीतून आणि हातगाडीवरून येणारा माल आता ट्रकमधून येऊ लागला, आणि 1935 सालच्या अंगणात ट्रक कोठून शिरणार? 1980 च्या दशकात फळांचा घाऊक बाजार तेथून उठवून शहराच्या पूर्व भागात गड्डीअन्नारम येथे नेण्यात आला. जवळच्या जांबागचा फुलांचा घाऊक बाजारही कालांतराने गुडीमलकापूरला गेला. कारभाऱ्यांच्या दृष्टीने हे योग्यच होते. रस्ता मोकळा हवा, माल उतरविण्यास जागा हवी, याला नाही कोण म्हणेल? पण यात एक बारीक गोष्ट आहे, आणि ती पाटी घेऊन बसणारा मनुष्यच ओळखतो.

घाऊक बाजारात अडत्याकडे शेतकऱ्याचा माल येतो, पहाटे लिलाव होतो, मोठा व्यापारी ढिगाने घेतो. लहान विक्रेती मात्र एक-दोन करंड्या घेते. अडत आणि किरकोळ विक्री एकाच आवारात असली की ती करंडी डोक्यावर घेऊन पन्नास पावले चालते आणि विकावयास बसते. अडत चार-पाच मैल दूर गेली की तिला रिक्षा करावी लागते, किंवा चौघींनी मिळून टेंपो. एका करंडीवर जो नफा सुटावयाचा तो भाड्यात जातो. मोठ्या दुकानदारास हाच खर्च शंभर करंड्यांवर वाटून टाकता येतो. म्हणून बाजार दूर नेला की लहान मनुष्य आधी गळतो. कोणी त्यास उठविलेले नसते. तो आपोआप येईनासा होतो, आणि कागदोपत्री त्याची कोठेच नोंद राहत नाही.

गड्डीअन्नारमचा बाजारही तेथे कायमचा राहिला नाही. 2021 साली तोही बंद करून विजयवाडा रस्त्यावर, शहराच्या बाह्य वर्तुळाकार रस्त्यापलीकडे बाटसिंगारम येथे हलविण्यात आला. जुन्या जागी मोठे सरकारी रुग्णालय बांधण्याचे ठरले होते. कोहेडा येथे कायमची जागा तयार होईपर्यंत ही तात्पुरती सोय, असे तेव्हा जाहीर झाले. व्यापाऱ्यांनी तक्रार केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. रुग्णालय हवे हे खरेच. परंतु ज्या शहरात एके काळी फळबाजार मध्यवस्तीच्या चौकात होता, तेथे तो दोन उड्यांत शहराबाहेर गेला, हेही तितकेच खरे.

इकडे मोअज्जमजाही मार्केटची इमारत उपेक्षेत पडली. मुख्य धंदा गेला, भाडी जुनी, दुरुस्तीस कोणी धनी नाही. दगडाच्या सांध्यांतून झाडे उगवली, तारांचे जाळे लोंबू लागले, जो तो आपापल्या गाळ्यास पुढे वाढवीत गेला, आणि मनोऱ्यावरील घड्याळ बंद पडले. ही इमारत पाडावी लागेल की काय अशी भीती जाणत्यांना वाटू लागली होती. 2018 साली तेलंगण सरकारच्या नगरविकास खात्याचे तेव्हाचे प्रधान सचिव अरविंद कुमार यांनी तिच्या जीर्णोद्धाराचे काम अंगावर घेतले. वाढीव बांधकामे काढण्यात आली, दगड स्वच्छ झाला, घड्याळ पुन्हा चालू झाले, आणि ऑगस्ट 2020 मध्ये इमारत नव्याने लोकांसाठी खुली झाली. अंगणात आता गाण्याचे व काव्याचे कार्यक्रमही होतात. सरकारी खात्याने एखादी जुनी वास्तू न पाडता सांभाळली, ही आपल्या देशात फार वारंवार घडणारी गोष्ट नव्हे. तेव्हा तिचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

2023 च्या जानेवारीत आमचे हैदराबादला जाणे झाले. गनफाउंड्रीतील संत जोसेफ कॅथीड्रलजवळ मुक्काम होता. तेथून हा बाजार पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. संध्याकाळच्या उजेडात तो दगड इतका सुंदर दिसला की आम्ही बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभे होतो. आत एका वृद्ध पानवाल्याशी बोलणे निघाले. घड्याळ चालू झाले याचा त्याला आनंद होता, अगदी खराखुरा आनंद. मग पानाला चुना लावीत तो म्हणाला की आता माणसे पुष्कळ येतात, आइस्क्रीम खातात, फोटो काढतात आणि जातात. पूर्वी येत ती पिशवी घेऊन येत. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. आम्हास मात्र ती पिशवी दिवसभर आठवत राहिली.

येथे एका दूरच्या बाजाराची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण उपनगरांसाठी मुद्दाम बांधलेल्या बाजारांचा विसाव्या शतकातील सर्वांत मोठा प्रयोग झाला तो अमेरिकेत. व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा ज्यू वास्तुशिल्पी. 1938 साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर तो अमेरिकेत पळाला. अमेरिकेतील शहरांभोवती मैलोगणती घरे पसरत होती, पण त्यांच्यात चौक नव्हता, जेथे शेजारी शेजाऱ्यास भेटेल अशी जागा नव्हती. आपल्या जन्मगावचे चौक त्याच्या मनात होते. 1954 साली डेट्रॉइटजवळ त्याने नॉर्थलँड नावाचा बाजार बांधला: मध्यभागी हडसन कंपनीचे प्रचंड दुकान, भोवती लहान दुकाने, मधल्या अंगणांत बागा व शिल्पे, आणि सर्वांच्या भोवती हजारो मोटारी उभ्या करण्याचे मैदान. 1956 साली मिनेसोटा राज्यात त्याने साउथडेल बांधला. तो पूर्ण बंदिस्त आणि वातानुकूलित. आज जगभर जे मॉल दिसतात, हैदराबादच्या पंजागुट्टा व माधापूर भागांतीलही, ते सारे याच वंशातील.

पुढे ग्रुएनला आपल्याच कल्पनेचा वीट आला. चौक बाजूला राहिला आणि मोटारींचे मैदान तेवढे सर्वांनी उचलले, असे त्याचे दुःख होते. तो व्हिएन्नास परत गेला आणि 1980 साली वारला. नॉर्थलँड 2015 साली बंद पडले. सारा बाजार एका मोठ्या दुकानाच्या आधारावर उभा होता. ते दुकान गेले आणि बाकीचे त्यापाठोपाठ गेले. एकसष्ट वर्षे, बस्स! मोअज्जमजाही मार्केटचाही मुख्य धंदा गेला, पण ते असे एकदम कोसळले नाही. आम्हास त्याचे कारण शंभर लहान दुकानांत दिसते. फळवाले गेले तरी पानवाला राहिला, अत्तरवाला राहिला, आइस्क्रीमवाला राहिला. शिवाय तेथे पायी येता येते. ज्या बाजारास पोचण्यास मोटार लागते तो मोटारवाल्यांच्या मर्जीवर जगतो.

हे सर्व आज लिहिण्यास निमित्त असे की आमच्या परिसरातही नव्या मंडईची भाषा ऐकू येत आहे. रस्त्याकडेला बसणाऱ्या विक्रेत्यांना एका छपराखाली आणावयाचे, रस्ता मोकळा करावयाचा, असा तो विचार. विचार वाईट नाही. उन्हापावसात बसणाऱ्या आमच्या भगिनींना छप्पर, पाणी आणि शौचालय मिळाले तर ते कोणास नको आहे? परंतु ओटे किती, ते कोणाच्या नावावर, पहाटेची गाडी जेथे थांबते तेथून ते किती दूर, आणि गावाहून आठवड्यातून दोनच दिवस येणारीस तेथे जागा असेल काय, हे प्रश्न पाया खणण्यापूर्वी विचारावयाचे असतात. ओट्यांची सोडत निघते तेव्हा रोज न येणाऱ्या बाईचे नाव यादीत कसे सापडावे?

पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून येथे नमूद करतो. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणासाठी 2014 साली संसदेने स्वतंत्र कायदा केला आहे. त्याप्रमाणे प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्या सदस्यांत किमान 40 टक्के स्वतः विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, आणि त्या निवडलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. विक्रेत्यांची पाहणी पुरी झाल्यावाचून कोणास उठविता येत नाही, आणि दुसरीकडे हलवावयाचे तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. आणखी एक तरतूद आहे, ती आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी: जेथे पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते बसत आले आहेत, असा बाजार वारसा-बाजार म्हणून जाहीर व्हावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तो कायदा सांगतो.

आता पन्नास वर्षे बसत आलो हे दाखवावयाचे कसे? बाजार-फी वसूल करणारा मनुष्य रोज जी लहानशी पावती फाडून देतो, ती बहुतेक घरी चुलीत जाते. तरीही कोणाच्या आजीने पेटीत, प्रार्थनेच्या पुस्तकात किंवा देव्हाऱ्यामागे जुन्या पावत्या जपून ठेवल्या असण्याचा संभव आहे. रेल्वेचा जुना पास, अडत्याची चिठ्ठी, बाजारात काढलेला एखादा फोटो, यांचाही उपयोग होईल. अशा वस्तू ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या येत्या रविवारी मिस्सानंतर कचेरीत आणाव्यात. आम्ही त्यांच्या प्रती काढून मूळ कागद त्याच दिवशी परत करू. आणि पावतीच्या मागे, ती कोणाची व बसण्याची जागा नेमकी कोणती, एवढे पेन्सिलीने लिहून आणावे.